मनगटावरचं घड्याळ आणि पाण्यात पडलेला माणूस



९ सप्टेंबर २०२५ ला अ‍ॅपल कंपनीने नवीन घड्याळ जाहीर केलं. नाव अ‍ॅपल वॉच अल्ट्रा ३. दुकानात आलं १९ सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आपल्या ग्रुपवर पोरांनी त्याचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. सगळ्यांचा प्रश्न एकच. "टॉवर नसला तरी या घड्याळावरून मेसेज जातो म्हणे. मग हे आपल्या कामाचं आहे का?"

प्रश्न चांगला आहे, आणि हसण्यावारी नेण्यासारखा तर मुळीच नाही. आम्ही ते हातात बांधून पाहिलेलं नाही. कंपनीने जे जाहीर केलंय ते बघून, आणि पाण्यावर काम करणाऱ्याच्या नजरेने बघून, हे आमचं पहिलं मत लिहितोय. मत थोडक्यात असं: हे घड्याळ आपण घेऊ नये, पण त्यामागची कल्पना आपण सोडू नये. का ते सविस्तर सांगतो.

आधी चांगलं ते चांगलं म्हणू. बाकीच्या शोभेच्या घड्याळांसारखं हे दिसत नाही. टायटॅनियमची जाड केस आहे, बाजूला मोठी बटणं आहेत. बटणाचं महत्त्व आपल्याला वेगळं सांगायला नको. ओल्या बोटाने, खवले लागलेल्या हाताने काचेवर टच चालत नाही, हे मोबाइलवरून सगळ्यांना माहीत आहे. जाळं ओढताना फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात, डबा फळीखाली. फोन वाजला तरी तो बाहेर काढेपर्यंत बंद होतो. मनगटावर काहीतरी थरथरलं, एका बटणात काम झालं, तर ती खरीच सोय आहे. या घड्याळात मोठ्याने वाजणारा सायरन आहे. शांत रात्री पाण्यावर आवाज लांब जातो, म्हणजे तोही कामाचा. पाण्यात ४० मीटर खोलीपर्यंत चालेल असं कंपनी सांगते. एकदा चार्ज केलं की ४२ तास चालेल, बॅटरी वाचवायच्या मोडवर ७२ तास. संध्याकाळी जाऊन सकाळी परत येणाऱ्याला ४२ तास पुष्कळ झाले. चार-पाच दिवस समुद्रात राहणाऱ्या बोटीवर मात्र चार्जिंगची सोय बघावी लागेल.

भरती-ओहोटीचंही अ‍ॅप आहे. ते २०२४ च्या सॉफ्टवेअरपासूनच आलंय. आपल्या जुन्या माणसांना ते बघून हसू येईल. मुंबईकडचे कोळी तिथीला पाऊणपट करतात आणि भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. खंबातच्या आखातात हा हिशोब तसाच्या तसा लागत नाही. इकडे पाणी उशिरा येतं आणि जास्त चढतं. त्यातही हजिरा-मगदल्लाहून वर कॉजवेकडे येईपर्यंत पाणी किती चढेल ते उकाईतून किती सोडलंय त्यावरही असतं. ते घड्याळ कुठून सांगणार? अ‍ॅपमधली वेळ किनाऱ्याची. नदीची वेळ नदीवर बसणाऱ्यालाच कळते. तरी नवीन पोरगा अ‍ॅप बघून भरती शिकत असेल तर शिकू द्या. न शिकण्यापेक्षा बरं.

आता मुख्य गोष्ट, सॅटेलाइटची. इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतोय, म्हणून नीट समजून घ्या. जीपीएस असलेलं घड्याळ आकाशातल्या उपग्रहाचं फक्त ऐकतं. ऐकून स्वतःची जागा काढतं. पण ती जागा ते दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही. सांगायला टॉवर लागतो. म्हणजे खोल समुद्रात किंवा डोंगरातल्या धरणात तुम्ही कुठे आहात ते तुम्हाला कळतं, घरच्यांना कळत नाही. या नवीन घड्याळात फरक हा आहे की ते उपग्रहाशी बोलतं सुद्धा. हजार किलोमीटरहून जास्त उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहाला मनगटावरून मेसेज पाठवायचा, आणि त्याने तो मदत केंद्राला द्यायचा. एवढ्याशा घड्याळात एवढी ताकद घालणं सोपं नाही. ही सोय आणणारी ही एकटी कंपनी नाही. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलेल्या पिक्सेल वॉच ४ मध्ये आणि गार्मिनने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या फेनिक्स ८ प्रो मध्येही ती आहे. म्हणजे एकाच मोसमात तिघांनी तेच केलं. दोन-चार वर्षांत स्वस्त घड्याळातही ही सोय उतरेल असा आमचा अंदाज आहे. म्हणूनच आत्ता बोलणं गरजेचं वाटतं.

पण थांबा. सॅटेलाइटवरून मदत मागायची सोय अ‍ॅपलने आयफोनमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिका आणि कॅनडात सुरू केली. नंतर युरोपातले काही देश, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान असे देश वाढले. भारत त्या यादीत नाही. म्हणजे सुरतेच्या दुकानातून ८९,९०० रुपये मोजून घड्याळ घेतलं, तरी ज्या गोष्टीसाठी घेतलं तीच इथे चालणार नाही. बाकी सगळं चालेल. पावलं मोजेल, झोप मोजेल, टॉवर असेल तिथे कॉल लागेल. टॉवर नाही तिथे मात्र ते साधं घड्याळ होईल.

हे असं का, तर आपल्याकडे उपग्रहावरून बोलणाऱ्या यंत्राला परवाना लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना याच कारणावरून पोलिसांनी धरलं. त्यांच्याजवळ डोंगरात फिरणारे लोक वापरतात तसं उपग्रहावर मेसेज पाठवणारं छोटं यंत्र होतं. त्यांना वाटलं ही सुरक्षेची वस्तू, इथला कायदा म्हणाला परवाना दाखवा. म्हणून एक सूचना: दुबईहून, अमेरिकेहून कुणी नातेवाईक असं यंत्र 'भेट' म्हणून आणत असेल तर आधी चौकशी करा. जीपीएसच्या घड्याळाला काही अडचण नाही, ते फक्त ऐकतं.

या नियमामागचं कारणही आपल्या धंद्याला चिकटलेलं आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे 'कुबेर' नावाची मासेमारी बोट पळवून आले होते. बोट पोरबंदरची. तांडेलाला त्यांनी मारलं. त्यांच्याजवळ सॅटेलाइट फोन होता. तेव्हापासून समुद्रावरच्या प्रत्येक यंत्राकडे संशयाने बघितलं जातं, आणि ते चुकीचं आहे असं आम्ही म्हणणार नाही. त्या हल्ल्यात पहिल्यांदा मेला तो आपल्यासारखाच मच्छिमार होता. पण संशय एका बाजूला आणि जीव दुसऱ्या बाजूला असं कायम ठेवता येणार नाही. मधला रस्ता काढता येतो, आणि सरकारने एका बाजूने तो काढलाही आहे. त्याच्याकडे आता येऊ.

नोव्हेंबर २०१७ च्या शेवटी ओखी वादळ आलं. केरळ-तामिळनाडूच्या खोल समुद्रातल्या बोटी आधीच बाहेर होत्या. इशारा निघाला तेव्हा त्यांच्यापर्यंत पोचवायला साधन नव्हतं. शेकडो माणसं परत आली नाहीत. तेच वादळ पुढे आपल्या दिशेने वळलं होतं आणि दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याजवळ येता येता विरलं. आपण वाचलो ते वाऱ्याच्या कृपेने. त्यानंतर मच्छिमारांपर्यंत उपग्रहावरून इशारा पोचवायच्या कामाला जोर आला. २०१९ मध्ये 'जेमिनी' नावाचं यंत्र आलं. ते उपग्रहावरून वादळाचा इशारा आणि मासे कुठे मिळतील त्याची माहिती घेतं आणि ब्लूटूथने मोबाइलवर दाखवतं. पण तेही फक्त ऐकतं, त्याच्यावरून मदत मागता येत नाही.

मदत मागायचं यंत्र इस्रोने त्याच्या आधीच, २०१० पासून दिलं होतं. त्याला डॅट म्हणतात. बटण दाबलं की संकटाचा सिग्नल उपग्रहावरून बेंगळुरूच्या केंद्रात जातो, तिथून कोस्ट गार्डला कळतं. इस्रोच्या माहितीप्रमाणे अशी २०,००० पेक्षा जास्त यंत्रं वापरात आहेत. त्यात एक मोठी उणीव होती. बटण दाबणाऱ्याला आपला सिग्नल पोचला की नाही ते कळायचं नाही. काळोखात, लाटेत, बटण दाबून बसायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. जानेवारी २०२४ मध्ये याचं दुसरं मॉडेल आलं. त्याच्यावर उलट निरोप येतो की तुमचा सिग्नल मिळाला, मदत निघाली. ते ब्लूटूथने मोबाइलला जोडता येतं आणि मेसेज आपल्या भाषेत वाचता येतो. हा ब्लूटूथचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला, वाढवण बंदराच्या भूमिपूजनाच्या त्याच कार्यक्रमात, पंतप्रधानांनी बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायची योजना सुरू केली. १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, १ लाख यांत्रिक बोटी, सुमारे ३६० कोटी रुपये खर्च. तंत्र इस्रोचं. दोन्ही बाजूंनी मेसेज जातो-येतो. वाढवणबद्दल डहाणूकडच्या आपल्या भावांचं काय म्हणणं आहे ते सगळ्यांना माहीत आहे, तो विषय वेगळा. ट्रान्सपाँडर ही वस्तू मात्र चांगली आहे. कुणाच्या बोटीवर बसवायला आले तर बसवून घ्या. 'आमच्यावर नजर ठेवायला लावतात' असं म्हणून ते काढून ठेवणारेही आहेत. त्यांना एवढंच सांगतो, ज्याच्यावर नजर आहे तोच शोधता येतो.

आता बघा, हे सगळं यंत्र कुठे बसलंय? बोटीवर. बोट बुडायला लागली, इंजिन बंद पडलं, वादळ आलं, तर त्याचा उपयोग. पण दरवेळी बोटच संकटात असते असं नाही. माणूस एकटा पाण्यात पडतो. रात्री जाळं सोडताना पाय दोरीत अडकतो. लघवीला काठावर उभा राहतो आणि लाट बसते. बाकीचे झोपलेले, इंजिनचा आवाज चालू, हाक कुणाला ऐकू येत नाही. सकाळी चहाला हाक मारली की कळतं एक माणूस कमी आहे. तोपर्यंत बोट कितीतरी मैल पुढे आलेली असते. कोस्ट गार्डला कळवायचं तरी कुठल्या जागेचं? बोटीवरचं यंत्र बोटीवरच राहिलं, आणि बोट तर सुखरूप आहे.

आणि नदीवर, धरणावर मासे मारणाऱ्या आपल्या सभासदांचं तर विचारूच नका. ट्रान्सपाँडरची योजना समुद्रातल्या यांत्रिक बोटींची आहे. उकाईच्या फुगवट्यात थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून एकटा जाळं लावणारा भोई कुठल्या योजनेत बसतो? त्याच्याकडे बोटच नाही तर यंत्र लावायचं कशाला? हे लोक म्हणजे आपलेच. प्रकाशा, सारंगखेडा, नवापूरकडून तापीकाठाने खाली आलेली कितीतरी घरं आज सुरतेत आहेत. नदी तीच, धंदा तोच, आणि पाण्यावर जाणारा माणूस एकटा. कोसाड-अमरोलीत मोबाइलला फुल रेंज असते. पण उकाईच्या वरच्या अंगाला, किंवा धडगाव-अक्कलकुव्याकडे नर्मदेच्या पाण्यावर, डोंगराच्या आड रेंज शोधत फिरावं लागतं.

अशा माणसाच्या अंगावर काय असतं? चड्डी, बनियन, कंबरेला सुरी, फार तर हातात घड्याळ. म्हणून आम्ही म्हणतो की कल्पना बरोबर जागी आली आहे. मनगट ही अशी जागा आहे की माणूस पाण्यात पडला तर ती त्याच्याबरोबर जाते. कंपनीने ते डोंगर चढणाऱ्या, डायव्हिंग करणाऱ्या हौशी लोकांसाठी बनवलं. पोटासाठी रोज रात्री पाण्यावर जाणाऱ्याला त्याची गरज जास्त आहे. त्याच्याकडे पैसे कमी, एवढाच फरक.

इथे एक सावधगिरी. घड्याळ माणसाला तरंगवत नाही. पाण्याखालून रेडिओचा सिग्नल बाहेर जात नाही. हात पाण्यात मारत राहिलात तर सगळ्यात महाग घड्याळही उपग्रहाशी बोलू शकणार नाही. त्याला मोकळं आकाश लागतं आणि थोडा वेळ स्थिर हात लागतो. म्हणजे आधी लाइफ जॅकेट, मग घड्याळ. घड्याळात पडल्याचं ओळखणारी सोय असते, ती जोरात आपटल्याचं ओळखते. हळूच घसरून पाण्यात गेलेल्या माणसाचं ती ओळखेल असं धरून चालू नका.

आता बाजारात खरोखर काय विकलं जातंय ते बघू. नव्वद हजारांचं घड्याळ आपल्यात कुणी घेणार नाही हे आम्हाला माहीत आहे. पण व्हिडिओ बघून पोरगं दुकानात जातं आणि दीड-दोन हजारांचं, तसंच दिसणारं घड्याळ घेऊन येतं. तीच बटणं, तोच पट्टा, डब्यावर 'कॉलिंग', 'वॉटरप्रूफ', 'एसओएस' लिहिलेलं. घरच्यांना वाटतं चला, पोराच्या हातात आता एसओएस आहे. खरी भीती आम्हाला याची वाटते.

एक एक करून सांगतो. 'ब्लूटूथ कॉलिंग' म्हणजे घड्याळात सिम नाही. कॉल फोनमधूनच जातो, घड्याळ फक्त स्पीकर आणि माइक. फोन साधारण दहा मीटरच्या आत पाहिजे. माणूस पाण्यात आणि फोन बोटीत राहिला, बोट पुढे गेली, की घड्याळ मुकं झालं. त्याच्यावरचं एसओएस बटणही फोनशिवाय काही करत नाही. दुसरं, स्वस्त घड्याळात बऱ्याच वेळा स्वतःचं जीपीएस नसतं, ते फोनचं जीपीएस वापरतं. डब्यावर 'जीपीएस' लिहिलं असेल तर दुकानदाराला विचारा, फोन घरी ठेवला तर चालेल का? खरेदीच्या आधी हा एकच प्रश्न विचारला तरी अर्धा घोटाळा टळतो.

तिसरं, पाणी. 'आयपी ६८' ही चाचणी गोड्या पाण्यात, ठरलेल्या खोलीवर, ठरलेल्या वेळेपुरती असते. '५ एटीएम' म्हणजे ५० मीटर खोल बुडी मारायची परवानगी नव्हे, तो प्रयोगशाळेतला स्थिर दाब आहे. खारं पाणी, डिझेल, बर्फाचा डबा, उन्हात तापलेली फळी यांची चाचणी कुणी केलेली नसते. खाऱ्या पाण्याने चार्जिंगच्या पितळी पिना हिरव्या पडतात, ते तुम्ही बघितलंच असेल. कुठलंही घड्याळ असो, किनाऱ्यावर आलं की गोड्या पाण्याने धुवा, पुसा, मगच चार्जला लावा.

चौथं, तब्येतीचे आकडे. घड्याळ बीपी दाखवतं, साखर दाखवतं, असं सांगून विकतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने जाहीर बजावलंय की सुई न टोचता साखर मोजणाऱ्या कुठल्याही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही, त्यावर विसंबू नका. आपल्यात डायबेटिसवाले कमी नाहीत. घड्याळातला आकडा बघून गोळी कमी-जास्त करू नका. बोट टोचून मोजा, डॉक्टरला विचारा.

मग आमचं म्हणणं काय? संस्था म्हणून आम्हाला घड्याळाच्या कंपनीकडून काही मागायचं नाही, ती आपल्यासाठी घड्याळ बनवत नाही. मागणं आपल्या सरकारकडे आणि ज्यांनी डॅट आणि ट्रान्सपाँडर बनवले त्या शास्त्रज्ञांकडे आहे. ब्लूटूथचा मुद्दा लक्षात ठेवा म्हटलं होतं तो इथे लागतो. बोटीवरचं यंत्र जर मोबाइलला जोडता येतं, तर मनगटाच्या एका साध्या पट्ट्यालाही जोडता आलं पाहिजे. त्या पट्ट्याला स्क्रीन नको, पावलं मोजायला नकोत. प्रत्येक खलाशाच्या हाताला एक पट्टा. पट्टा यंत्रापासून लांब गेला, जोडणी तुटली, की बोटीवर भोंगा वाजला पाहिजे आणि त्या क्षणाची जागा यंत्रात नोंदली गेली पाहिजे. म्हणजे झोपलेले उठतील, बोट वळवतील, आणि कुठे वळायचं तेही कळेल. उपग्रहाशी बोलायचं काम पट्ट्याने करायचं नाही, ते बोटीवरचं परवान्याचं यंत्र करेल. सुरक्षा खात्याचा संशयही राहत नाही. परदेशात हौशी शिडाच्या बोटींवर अशा मनगटी टॅग आजही वापरतात, म्हणजे ही काही हवेतली गोष्ट नाही.

नदी-धरणावरच्या माणसाला मात्र वेगळं लागेल, कारण त्याच्याकडे यंत्र ठेवायला बोट नाही. त्याच्यासाठी परवान्याचं, स्वतः बोलणारं छोटं यंत्र पाहिजे, आणि ते संस्थेच्या नावावर द्यावं. संस्थेकडे पाच-दहा यंत्रं असावीत, पाण्यावर जाणाऱ्याने सही करून न्यावं, परत आला की जमा करावं. कुणाकडे कुठलं यंत्र आहे त्याची नोंद राहील, म्हणजे परवान्याचाही प्रश्न सुटतो. उपग्रहाची सेवा देशात आणायचे परवाने सुटायला लागले आहेत. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार खात्याने परवाना दिला. शहरातल्या बंगल्याला आकाशातून इंटरनेट मिळणार असेल, तर तराफ्यावरच्या माणसाला एक मेसेज पाठवायची परवानगी मागणं हे जास्तीचं मागणं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मदतीच्या हाकेला दोन टोकं असतात. एक टोक हाक मारणाऱ्याच्या मनगटावर, दुसरं ऐकणाऱ्याजवळ. व्हिडिओत सगळे पहिल्या टोकाबद्दल बोलतात, कारण ते विकायचं असतं. अमेरिकेत ते घड्याळ कामाचं ठरतं ते दुसऱ्या टोकाला रात्रंदिवस माणूस बसलेला असतो म्हणून. आपल्याकडे समुद्रासाठी कोस्ट गार्डचं केंद्र आहे. नदी आणि धरणासाठी कोण आहे? रात्री दोन वाजता उकाईच्या पाण्यातून सिग्नल आला, तर तो कुणाच्या टेबलावर वाजेल, आणि त्याच्याकडे बोट आणि डिझेल असेल का? याचं उत्तर मिळत नाही तोपर्यंत मनगटावर काहीही बांधा, उपयोग अर्धाच. ऑगस्ट २००६ च्या पुरात निम्म्याहून जास्त सुरत पाण्याखाली होतं. होडी चालवता येणारा माणूस तेव्हा सोन्यासारखा होता. पुन्हा तसं पाणी आलं, वीज गेली आणि टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या, तर हाक ऐकायला आणि होडी काढायला आपणच असू. म्हणून दुसरं टोक उभं करताना मच्छिमार संस्थांना त्यात घ्यावं हे आमचं दुसरं मागणं.

तोपर्यंत काय करायचं? जे स्वस्तात होतं ते आजपासून करा.

आउटबोर्ड इंजिन असेल तर त्याची लाल दोरी, किल कॉर्ड, मनगटाला अडकवूनच इंजिन चालू करा. बरेच जण ती इंजिनलाच गुंडाळून ठेवतात. तुम्ही पडलात की दोरी निघते आणि इंजिन बंद होतं, होडी तुम्हाला सोडून जात नाही. मनगटावर बांधायची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीची वस्तू आज तीच आहे.

लाइफ जॅकेट घाला. दीड-दोन हजारांचं चांगलं जॅकेट धरलं तरी त्या एका घड्याळाच्या किमतीत चाळीसच्या वर जॅकेट येतात. जॅकेटला एक शिट्टी बांधा. शिट्टीला चार्जिंग लागत नाही.

फोन गळ्यात, वॉटरप्रूफ पाऊचमध्ये ठेवा, डब्यात नको. समुद्रावर संकटात कोस्ट गार्डचा नंबर १५५४, कुठेही असलात तरी ११२. दोन्ही नंबर पाठ करा, पोरांकडूनही पाठ करून घ्या.

एकटे जात असाल तर कुठल्या अंगाला जाताय आणि कधी परत येणार ते काठावर एकाला सांगून जा. त्या वेळेला परत आला नाहीत तर त्याने वाट न बघता हाक द्यायची. हे आपल्या आजोबांच्या वेळेपासून चालत आलंय. फोन आल्यापासून आपण ते सोडत चाललोय.

पोरांना एक सांगतो. आम्ही घड्याळाच्या विरोधात नाही. कमावता, हौसेला घ्या, कोण अडवतंय.   फक्त हौस म्हणून घेतलेल्या वस्तूला जीव वाचवणारी वस्तू समजून तिच्या भरवशावर रात्री एकटे पाण्यात जाऊ नका. आणि मोसमाच्या सुरुवातीला घेतलेल्या उचलीतून तर मुळीच घेऊ नका. जाळं आधी, जॅकेट आधी.

पुढच्या मासिक सभेत हा विषय आम्ही घेणार आहोत. मनगटी पट्ट्याचं आणि नदी-धरणावरच्या माणसासाठी परवान्याच्या यंत्राचं मागणं ठराव करून मत्स्य खात्याकडे पाठवायचं आहे. ज्यांच्या घरात कुणी पाण्यावर गेलेला परत आला नाही त्यांनी तर नक्की यावं. यंत्र कसं असावं हे बनवणाऱ्याला सांगायचा पहिला हक्क त्यांचा आहे.